सतार, तुतारी आणि आठवी ‘ब’

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



मी संगणक अभियंता आहे, कवितेची जाणकार नाही. तरी आज कवितेवर बोलणार आहे, कारण गेलं वर्षभर महिन्यातून एका शनिवारी मी आपल्या शाळेत आठवी ‘ब’चा एक तास घेते. मुख्याध्यापकांनी कोडिंग शिकवायला बोलावलं होतं. ते शिकवतेच, पण अर्धा तास. उरलेल्या अर्ध्या तासात आम्ही संगीतावरच्या कविता वाचतो. कारण साधं आहे. आपल्या वेळी आठवड्याला दोन तास गाण्याचे होते. आता वेळापत्रकात ते तास गणिताच्या जादा तासांना गेले आहेत आणि पेटी स्टाफरूमच्या कपाटावर आहे.

सुरुवात केशवसुतांपासून केली. कृष्णाजी केशव दामले, जन्म १८६६, गाव मालगुंड, पोटापाण्याचा व्यवसाय मास्तरकी. या माणसाच्या दोन गाजलेल्या कवितांच्या नावांतच वाद्यं आहेत : ‘तुतारी’ आणि ‘सतारीचे बोल’. ‘तुतारी’ १८९३ची. तुतारी मुलांना ठाऊक होती. कुणी लग्नाच्या वरातीत पाहिलेली, तर एकाने ‘मतदानयंत्रावरचं चित्र’ म्हणून ओळखली. ती कविता त्यांनी खणखणीत आवाजात म्हटली आणि शेजारच्या वर्गातून तक्रार आली. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

खरी गंमत सतारीची. वर्गातल्या एकानेही सतार प्रत्यक्ष पाहिलेली नव्हती. आपल्या शाळेपासून मिरज एसटीने तासाभराच्या आत! ज्या गावात ‘सतारमेकर’ हे आडनाव आहे, जिथल्या सतार-तंबोऱ्याला २०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्या गावाच्या उशाला राहणारी ही मुलं. म्हणून कविता बाजूला ठेवून आधी वाद्य सांगितलं. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात. उजव्या हाताच्या तर्जनीत तारेची नखी घालतात. नखी आत ओढली की ‘दा’, बाहेर मारली की ‘रा’. आणि मुख्य तारांच्या खाली तरफांच्या बारीक तारा असतात. त्या सहसा कोणी छेडत नाही. वरच्या तारेवर त्यांचा सूर लागला की त्या आपोआप वाजू लागतात.

मग कविता. एक मनाने खचलेला माणूस अंधाऱ्या रात्री भटकतोय आणि एका खिडकीतून सतार ऐकू येते. आधी त्याला ती नकोशी होते, चक्क राग येतो. मग हळूहळू आत काहीतरी सैल होतं, डोळे भरतात, आणि शेवटी तो घरी जाऊन शांत झोपतो. प्रत्येक कडव्याच्या शेवटी कवीने नखीचे आघातच अक्षरांत घातले आहेत. ते बोल वर्गाने बाकावर बोटांनी वाजवले. एकसारखं वाजायला तिसरा शनिवार उजाडला.

लॅपटॉपवर मी सतारीच्या एका सुराचा आलेख दाखवला. आघात होतो, रेघ उंच उसळते आणि मग बारीक होत विरते. पेटीचा सूर लावला तर भाता चालू असेपर्यंत रेघ तशीच जाड. तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो एरवी तोंड उघडत नाही, तो म्हणाला, “मॅडम, तो माणूस म्हणजे खालची तार आहे. त्याला कुणी हात लावला नाही, तरी तो वाजला.” गाईडातलं रसग्रहण मी बरंच वाचलंय, हे वाक्य त्यात नाही.

त्यानंतर मी त्यांना घरातला एखादा आवाज ऐकून चार ओळी लिहायला सांगितल्या. अर्ध्यांनी मोबाइलची रिंगटोन लिहिली, ते चालायचंच. एका मुलीने आजोबांच्या टाळांवर लिहिलं. गुडघे गेल्यापासून आजोबा वारीला जात नाहीत, टाळ खुंटीला आहेत, आणि जोराचा वारा सुटला की ते एकमेकांवर आपटतात. तेव्हा आजोबा कूस बदलतात. एवढंच. यमक जुळलेलं नव्हतं, आणि मी ते जुळवायलाही सांगितलं नाही.

आता मुद्द्याचं. आपल्या बॅचने जमवलेल्या निधीतून प्रवेशद्वाराची कमान करायचं ठरतंय. कमानीला माझा विरोध नाही, आपली नावं त्यावर शोभतीलही. पण त्यातला काही भाग काढून ठेवावा असं मी समितीला लेखी दिलं आहे. त्यातून तीन गोष्टी होतील : पेटीची दुरुस्ती, गाणं शिकवणाऱ्या व्यक्तीचं वर्षभराचं मानधन, आणि आठवी-नववीची मिरजेची एक सहल, जिथे सतार बनताना पाहता येईल. काही मित्रांनी विचारलं, “याने मार्क वाढतील का?” मला माहीत नाही, आणि मार्क वाढतात म्हणून मी हे मागतही नाहीये. दहावीला गणितात मला उत्तम गुण होते. पण त्याच शाळेत तंबोरा जुळवताना कान लावायला शिकले, त्यावर आजही जगते. सर्व्हरच्या नोंदींच्या ढिगाऱ्यात बेसूर काय आहे ते आधी कानाला कळतं, असं मी ऑफिसात म्हणते आणि लोक हसतात.

समितीची बैठक उद्या सकाळी दहाला वाचनालयात आहे. कमानवाल्यांनीही जरूर या. आणि ज्यांच्या घरी माळ्यावर एखादी पेटी, तबल्याची जोडी, बुलबुलतरंग धूळ खात पडलाय, त्यांनी जाण्याआधी माझ्याकडे नाव द्या. पुढच्या शनिवारी आठवी ‘ब’ वाट बघतेय.