घरातला एक फोन आणि पडद्यावरची शाळा

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात जूचंद्र येथे केलेले भाषण)



आज मला जो विषय देण्यात आला आहे त्याचे नाव ऐकूनच काही पालकांच्या कपाळावर आठ्या पडल्या असतील. 'लर्निंग मॅनेजमेंट सिस्टिम', थोडक्यात एल.एम.एस. नाव भारदस्त असले तरी वस्तू ओळखीची आहे. आम्हा शिक्षकांच्या टेबलावर हजेरीपट असतो, भिंतीवर सूचनाफलक असतो, कपाटात तपासायच्या वह्यांचा गठ्ठा असतो आणि परीक्षा झाली की गुणपत्रक असते. ही चारही कामे मोबाईलच्या वा संगणकाच्या पडद्यावर एके ठिकाणी करणारी व्यवस्था म्हणजे एल.एम.एस. शिक्षक धडा तेथे ठेवतो, मूल तो पाहते, गृहपाठ तेथेच देते आणि गुणही तेथेच दिसतात. कारखान्यांत व कचेऱ्यांत नव्या माणसांना काम शिकविण्यासाठीही हीच व्यवस्था वापरतात.

आपली संस्था येत्या वर्षी अशी एक व्यवस्था घेण्याचा विचार करीत आहे. विक्रेते येऊन गेले, रंगीत पत्रके वाटून गेले. पैसा तुमच्या वर्गणीचा आणि फीचा आहे. म्हणून हा विषय कार्यालयाच्या बंद दाराआड न ठेवता तुमच्यापुढे मांडणे मला आवश्यक वाटते.

प्रथम माझ्या हातून घडलेली एक चूक सांगतो. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या. मी तेव्हा ज्या शाळेत होतो तेथे अशीच एक व्यवस्था सुरू झाली. गृहपाठ देण्याची वेळ मी संध्याकाळी पाचची घातली. रोज यादी उघडली की आठवीतील एका मुलीच्या नावापुढे लाल अक्षरांत 'उशीर' असे दिसे. दोन आठवडे मी ते पाहिले आणि मग तिच्या वडिलांना फोन करून चार कडक शब्द सुनावले. मुलगी हुशार असून निष्काळजी होत चालली आहे, असे म्हणालो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, "सर, घरात फोन एकच आहे आणि तो माझ्या खिशात असतो. मी मुंबईत वॉर्डबॉयचे काम करतो. नायगाव स्टेशनला उतरेपर्यंत रात्रीचे नऊ वाजतात. मी घरात पाऊल टाकले की ती जेवायचे सोडून आधी फोन घेते."

मंडळी, ती लाल अक्षरे खोटी नव्हती, पण त्यांवरून मी काढलेला अर्थ खोटा होता. वेळ बदलून दुसऱ्या दिवशी सकाळी आठची करायला मला दोन मिनिटे लागली. ती दोन मिनिटे मी दोन आठवडे आधी खर्च केली असती तर एका कष्टाळू बापाला ते शब्द ऐकावे लागले नसते. त्या दिवसापासून माझे मत पक्के झाले की व्यवस्था निवडण्याचा आरंभ विक्रेत्याच्या पत्रकापासून नव्हे, मुलाच्या घरापासून झाला पाहिजे. आपले जूचंद्र रांगोळीसाठी ओळखले जाते. येथला कलावंत रंगाच्या पुड्या सोडण्याआधी जमीन पाहतो. आपणही आधी जमीन पाहू.

म्हणून पहिली कसोटी घराची. घरात फोन किती, तो कोणाच्या हातात किती वेळ असतो, महिन्याला नेटचा खर्च किती परवडतो, हे प्रत्येक वर्गशिक्षकाने विचारून लिहून काढावे. मग पाहावे की नेट नसताना व्यवस्था चालते का. उदाहरणार्थ, मूडल नावाची व्यवस्था आहे. ऑस्ट्रेलियातील मार्टिन डुगियामास यांनी ती २००२ साली जगापुढे ठेवली. तिच्या मोबाईल ॲपवर धडा एकदा उतरवून घेतला की नंतर नेटविना वाचता येतो. वडील आल्यावर दहा मिनिटे फोन मिळणाऱ्या मुलाला या सोयीचे मोल किती, हे मी सांगायला नको.

दुसरी कसोटी भाषेची. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले या शिक्षकाला आढळले की आपल्या मुलांची घरची भाषा कन्नड आहे. त्याने पुस्तकांचा मजकूर मुलांच्या भाषेत आणला आणि पानांवर क्यूआर कोडाचे ठसे देऊन त्यांना ध्वनी, चित्रफिती व कविता जोडल्या. २०२० साली त्याला जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, आणि त्या रकमेचा अर्धा भाग त्याने अंतिम फेरीतील इतर शिक्षकांना वाटून दिला. त्याने साधन निवडले ते मुलाची अडचण ओळखून. आपल्याकडे कित्येक मुले मराठीतून शिकतात, पण त्यांच्या आईला उर्दूच वाचता येते. उर्दू उजवीकडून डावीकडे लिहिली जाते. विक्रेत्याला पडद्यावर एक उर्दू सूचना लिहून दाखवायला सांगा. अक्षरे तुटली, ओळ उलटी झाली, तर ती व्यवस्था त्या आईच्या कामाची नाही.

तिसरी कसोटी मालकीची. एडमोडो नावाची व्यवस्था २००८ साली निघाली. जगभरच्या शिक्षकांनी तीवर धडे रचले, प्रश्नपत्रिका केल्या. सप्टेंबर २०२२ मध्ये ती बंद झाली. ज्यांनी आपले साहित्य वेळीच काढून घेतले नाही त्यांचे कष्ट वाया गेले. तेव्हा करारावर सही करण्याआधी विचारावे : उद्या आम्ही निघून गेलो वा तुम्ही दुकान मिटलेत, तर आमचे धडे, गुण आणि हजेरी आम्हाला कोणत्या रूपात परत मिळतील? उत्तर तोंडी नको, लेखी हवे.

चौथी कसोटी मुलांच्या माहितीची. मुलाचे नाव, जन्मतारीख, पत्ता, गुण आणि पालकाचा फोन क्रमांक हे सारे तेथे साठते. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने २०२३ साली केला. त्यात १८ वर्षांखालील व्यक्तीला मूल मानून पालकाच्या संमतीला महत्त्व दिले आहे. पालकांनो, संमतीचा कागद समोर आला की न वाचता अंगठा उठवू नका. माहिती कोठे राहणार आणि कोण पाहणार, हे विचारण्याचा तुम्हाला अधिकार आहे.

पाचवी कसोटी खर्चाची. काही व्यवस्था फुकट आहेत, हे खरे. मूडलला परवान्याची किंमत नाही. गुगल क्लासरूम २०१४ पासून आहे आणि ऑगस्ट २०२० मध्ये आपल्या राज्य सरकारने गुगलशी सहकार्य जाहीर करून ती साधने शाळांसाठी आणली. केंद्र सरकारचे दीक्षा २०१७ च्या शिक्षकदिनी सुरू झाले आणि बालभारतीच्या पुस्तकांवरील क्यूआर कोडातून त्यावरचे साहित्य उघडते. परंतु फुकट मिळालेल्या म्हशीलाही वैरण लागते. मूडल ठेवायला सर्व्हर लागतो, त्याची निगा राखणारा जाणकार लागतो आणि शिक्षकांना शिकवावे लागते. जे दीक्षावर आधीच आहे त्यासाठी पुन्हा पैसे मोजू नयेत; आणि जे विकत घ्यायचे त्यात पहिल्या वर्षाचीच नव्हे, पाचही वर्षांची बेरीज करावी.

आता एक सूचना. एम.के.सी.एल. ही संस्था २००१ साली स्थापन झाली. तिचा एम.एस.-सी.आय.टी. हा अभ्यासक्रम महाराष्ट्रात गावोगावी पोचला. धडे संगणकावरच होते, पण शिकणाऱ्याच्या घरी संगणक असलाच पाहिजे अशी अट नव्हती. जवळच्या केंद्रात यंत्र होते आणि अडल्यास सांगणारा माणूस होता. आपणही शाळेतील एक खोली संध्याकाळी दोन तास उघडी ठेवू. चार संगणक आणि पाळीने एक शिक्षक एवढे पुरे आहे. पहिली पाळी मी घेतो. मुलींना घरी परत नेण्याची सोय पालकांनी आपसांत ठरवावी.

विद्यार्थी मित्रहो, पडद्यावर दुसऱ्याचे उत्तर उचलून चिकटवणे सोपे असते. यंत्र त्याला गुण देईलही, परंतु परीक्षेच्या बाकावर तुम्ही एकटेच असाल.

शेवटी कार्यकारी मंडळास माझी नम्र विनंती आहे. कोणतीही व्यवस्था एकदम साऱ्या शाळेसाठी घेऊ नये. दोन वर्गांत एक महिना वापरून पाहावी आणि त्या वर्गांत घरी एकच फोन असलेली मुले जरूर असावीत. प्रात्यक्षिकाच्या दिवशी विक्रेता आपला चकचकीत संगणक आणील. त्याला तो पिशवीतच ठेवायला सांगावे. त्या दिवशी येथील एखाद्या पालकाने आपला तडा गेलेला जुना फोन पुढे करावा आणि म्हणावे, "यावर उघडून दाखवा."