आपली स्वतःची चावडी
(संस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



सभासदांच्या विचारविनिमयासाठी संस्थेने स्वतःचा सर्व्हर उभारावा की नाही, हा प्रश्न सध्या कार्यकारी मंडळापुढे आहे आणि त्यासंबंधी चार शब्द बोलावेत अशी आज्ञा मला झाली आहे. मी यंत्रशास्त्रज्ञ नव्हे. खडू-फळ्याच्या संगतीत आयुष्य गेलेला मनुष्य आहे. परंतु हा प्रश्न यंत्राचा जितका आहे त्याहून अधिक माणसांच्या बोलण्याचा आहे, आणि दहाजणांना एका वेळी बोलू देऊन कोणालाही मुका ठेवावयाचा नाही ही विद्या शिक्षकास थोडीबहुत अवगत असते. यास्तव हे धाडस करीत आहे.

सर्व्हर म्हटले की काहीतरी गूढ यंत्र डोळ्यांपुढे उभे राहते. वास्तविक या शब्दाचा सरळ अर्थ वाढपी. पंक्तीत बसलेला मनुष्य वरण मागतो, वाढपी कोठीघरात जाऊन ते आणतो आणि पानात वाढतो. सर्व्हर म्हणून नेमलेला संगणक हेच काम अहोरात्र करीत असतो. आपण फोनवरून मजकूर मागतो, तो आपल्या साठ्यातून काढून पाठवितो. आपण मजकूर देतो, तो नीट ठेवून घेतो. त्यास झोप नाही व सुटी नाही, एवढाच त्याचा वेगळेपणा. खरा मुद्दा असा की, कोठीघराची किल्ली कोणाच्या कनवटीस आहे?

आज आपले सारे संभाषण फोनवरील गटांमधून चालते. सोय मोठी आहे, हे मी नाकारीत नाही. पण सुप्रभाताची चित्रे, वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि श्रद्धांजली यांच्या ओघात एखाद्या विद्यार्थ्याने विचारलेला शिष्यवृत्तीचा प्रश्न तासाभरात वाहून जातो. ज्यास उत्तर ठाऊक असते तो गृहस्थ रात्री फोन पाहतो, तोवर प्रश्न दृष्टीआड झालेला असतो. आणि पुढील वर्षी दुसरा विद्यार्थी तोच प्रश्न पुन्हा विचारतो. आपल्याच एका शाखेत गट चालविणाऱ्या गृहस्थांचा फोन हरवला आणि वसतिगृहाच्या जागेसंबंधी झालेली चर्चा, कागदपत्रांच्या छायाचित्रांसह, नाहीशी झाली. इतर सभासदांनी ती फोनमध्ये जागा अडते म्हणून केव्हाच पुसून टाकली होती! सभेचे इतिवृत्त जो समाज वहीत लिहून ठेवतो, त्याने आपला विचारविनिमय असा वाऱ्यावर सोडावा, हे मला विचित्र वाटते.

ही कल्पना आजची नव्हे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतात बर्कली नावाचे विद्यापीठाचे गाव आहे. तेथे ऑगस्ट १९७३ मध्ये लिओपोल्ड्स नावाच्या ध्वनिमुद्रिकांच्या दुकानाच्या जिन्यापाशी काही तरुणांनी एक टंकयंत्र ठेवले आणि टेलिफोनच्या तारेने ते सॅन फ्रान्सिस्कोतील एका मोठ्या संगणकास जोडले. एफ्रेम लिपकिन, ली फेल्सेन्स्टाइन आणि मार्क श्पाकोव्स्की ही त्यांतील प्रमुख नावे. उपक्रमाचे नाव 'कम्युनिटी मेमरी', म्हणजे लोकस्मृती म्हणा. यंत्र इतके खडखडत असे की आवाज दाबण्यासाठी ते पुठ्ठ्याच्या खोक्यात बसवावे लागले. सेकंदास दहा अक्षरे, हा त्याचा वेग. शेजारी एक स्वयंसेवक बसलेला असे आणि येणाऱ्याजाणाऱ्यास 'यात काही लिहा, काही शोधा' असे सांगत असे. लोक यंत्रास बिचकतील अशी चालकांना भीती होती; पण लोक आनंदाने पुढे झाले. वादकांना साथीदार मिळाले, कोणास बिऱ्हाड मिळाले. बेगल नावाचा कड्यासारखा पाव चांगला कोठे मिळतो, असे एकाने विचारले. त्यास दुकानांचे पत्ते तर मिळालेच, पण तो पाव करावयास शिकवीन असे सांगणाराही भेटला! ही शेवटची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. दुकानाचा पत्ता छापील सूचीत मिळतो. शिकविणारा मनुष्य मात्र गावात विचारल्यावाचून मिळत नाही.

हा पहिला प्रयोग १९७५ च्या आरंभापर्यंत चालला. पुढे १९८४ मध्ये त्याच मंडळींनी गावातील दुकानांत नाणी टाकून चालणारी यंत्रे बसविली. त्यांचा नियम मार्मिक होता. वाचणे फुकट, स्वतःचे मत घालावयाचे असल्यास पाव डॉलर, आणि नवीन विषयच काढावयाचा असल्यास पुरा एक डॉलर. आपल्या वार्षिक सभेस हा नियम लावला तर निधीची चिंता कायमची मिटेल, असा विचार माझ्या मनात येऊन गेला.

दुसरे उदाहरण शिकागो शहराचे. तेथे जानेवारी १९७८ मध्ये मोठे हिमवादळ झाले आणि माणसे घरात अडकून पडली. वॉर्ड क्रिस्टेन्सन व रँडी स्यूस हे दोघे संगणकप्रेमी एका हौशी मंडळाचे सभासद होते. मंडळाचे निरोप भिंतीवरील सूचनाफलकासारखे संगणकावर टाचता यावेत, अशी कल्पना त्यांच्यात निघाली. हे काम मंडळाकडे सोपवावे काय, असा प्रश्न आला तेव्हा स्यूस म्हणाला की समितीच्या हाती दिले तर ते व्हावयाचे नाही, आपण दोघेच करू. कार्यकारी मंडळाने राग मानू नये! एकाने कार्यक्रम लिहिला, दुसऱ्याने यंत्र जुळविले, आणि १६ फेब्रुवारी १९७८ रोजी ते लोकांसाठी खुले झाले. टेलिफोनची तार एकच, त्यामुळे एका वेळी एकच मनुष्य आत येऊ शके. तो फोन ठेवी तेव्हा दुसऱ्याचा क्रम लागे. विहिरीवर घागर घेऊन उभे राहावे तसाच प्रकार. तरीही त्या एका यंत्राच्या धर्तीवर पुढे जगभर सहस्रावधी फलक निघाले.

तिसरे उदाहरण थोडे उदास करणारे आहे. क्लीव्हलंड शहरी टॉम ग्रंडनर या प्राध्यापकांनी १९८४ मध्ये एक फलक काढला. त्यावर नागरिकांनी प्रकृतीविषयी प्रश्न विचारावेत आणि डॉक्टरांनी दिवसाभरात उत्तरे द्यावीत अशी योजना होती. तिचा विस्तार होऊन १९८६ मध्ये 'क्लीव्हलंड फ्री-नेट' हे साऱ्या गावाचे विनामूल्य व्यासपीठ तेथील विद्यापीठाच्या आश्रयाने उभे राहिले. हजारो नागरिक त्यावर येत. परंतु १९९९ मध्ये, इसवी सन २००० च्या तारखा यंत्रास समजणार नाहीत हे कारण पुढे करून विद्यापीठाने ते बंद केले. नागरिकांनी वर्षानुवर्षे लिहिले, पण कोठीघराची किल्ली त्यांच्याकडे नव्हती.

आपल्याकडे सर्वसामान्यांस इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून. त्यानंतर एका वर्षाच्या आतबाहेरच, १९९६ मध्ये, अमेरिकेतील मराठी मंडळींनी 'मायबोली' सुरू केली व मराठी माणसे दूरदेशांतून एकमेकांशी आपल्या भाषेत बोलू लागली. तेव्हा हे आपणास जमणार नाही, असे कोणी म्हणू नये.

आता व्यवहाराकडे वळतो. सर्व्हर ठेवण्याचे दोन मार्ग. एक, कचेरीतच एक संगणक अखंड चालू ठेवणे. यात अभिमान आहे, पण वीज जाते, उंदीर तारा कुरतडतात, आणि घरगुती जोडणीस मिळणारा इंटरनेटचा पत्ता स्थिर नसतो. आज ज्या दारावर टकटक केली ते उद्या दुसऱ्याचे निघते. दुसरा मार्ग, मोठ्या यंत्रगृहातील संगणकाचा एक भाग मासिक भाड्याने घेणे. आपल्यासारख्या संस्थेस पुरेल अशा जागेचे भाडे महिन्यास काही शे रुपयांपासून सुरू होते. स्नेहसंमेलनातील एका पुष्पगुच्छाच्या खर्चात महिना निघावा. मी दुसऱ्या मार्गाच्या बाजूचा आहे. भाड्याच्या घरातही कुलूप आपलेच असते, आणि न पटल्यास सामान उचलून दुसरीकडे जाता येते.

आतील सामग्रीस तर पैसेही पडत नाहीत. लिनस टोर्वाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिनक्स लोकांस वापरावयास दिले; बहुसंख्य सर्व्हर आज त्यावर चालतात. चर्चेच्या मांडणीसाठी २००० सालापासून असलेले 'पीएचपीबीबी' आणि २०१३ मधील 'डिस्कोर्स' यांसारखे विनामूल्य कार्यक्रम आहेत. वाटेत मजकूर कोणी वाचू नये म्हणून जो दाखला लागतो, तो 'लेट्स एन्क्रिप्ट' ही लोकोपयोगी संस्था फुकट देते. मात्र त्याची मुदत अल्प असल्याने नूतनीकरण आपोआप होईल अशी व्यवस्था पहिल्याच दिवशी करावी लागते. २०१४ पासून '.भारत' असा देवनागरी पत्ताही घेता येतो. आपण तोच घ्यावा असा माझा आग्रह आहे.

जागा किती लागेल, याचा हिशेब मी शाळकरी पद्धतीने करून पाहिला. देवनागरीतील प्रत्येक चिन्ह साठविण्यास तीन बाइट लागतात. एका पत्रात पंधराशे चिन्हे धरली तर साडेचार हजार बाइट, आणि अशी दहा हजार पत्रे म्हणजे साडेचार कोटी बाइट, अर्थात पंचेचाळीस मेगाबाइट. लग्नाच्या एका लहानशा चित्रफितीस याहून अधिक जागा लागते! तेव्हा जागा नाही म्हणून कोणाचे पत्र पुसण्याचा प्रसंग यावयाचा नाही. लिपीची मात्र एक गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधील खोलगट जागा, हा भेद आपण मुलांस शिकवितो. त्या दुसऱ्या शब्दातील अर्धा र संगणकात दोन निरनिराळ्या प्रकारे साठविता येतो. दिसतो एकसारखाच, पण एका प्रकाराने शोध घेतला तर दुसऱ्या प्रकाराने लिहिलेला शब्द सापडत नाही. उभारणी करणाऱ्या तरुणांनी याकडे आरंभीच लक्ष द्यावे. नाहीतर 'शेतकऱ्यांचा' शोध घेणाऱ्यास शेतकरी सापडणार नाहीत.

सर्व मजकुराची एक प्रत दररोज दुसऱ्या ठिकाणी जावी आणि एक प्रत दरमहा कचेरीच्या कपाटात यावी. ती प्रत उघडते की नाही हेही अधूनमधून पाहावे, कारण न उघडणारी प्रत असून नसल्यासारखी.

वधूवरसूचीविषयी मला स्पष्ट बोलले पाहिजे. ती या चावडीवर घालावी, अशी सूचना आली आहे. माझा तीस विरोध आहे. मुलीचे छायाचित्र, जन्मवेळ, नोकरीचे ठिकाण आणि वडिलांचा फोन एवढे एकत्र मिळाले की दुर्जनास आणखी काही लागत नाही. २०२३ साली संमत झालेल्या व्यक्तिगत माहितीविषयीच्या कायद्याचे सूत्रच असे आहे की ज्याची माहिती त्याची संमती पाहिजे, आणि येथे बहुधा मुलीस कोणी विचारलेलेच नसते. तसेच २००० च्या माहिती-तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ ने दुसऱ्यांचा मजकूर ठेवणाऱ्यास जे संरक्षण दिले आहे ते अटींवर दिले आहे. तक्रार ऐकणारा मनुष्य नावानिशी नेमावा लागतो. ते पद शोभेचे नसावे.

दुसरा वाद टोपणनावांचा. ज्येष्ठांचे म्हणणे, जो लिहील त्याने नावानिशी लिहावे. त्यांस मी एवढेच स्मरण देतो की गोपाळ हरी देशमुखांची शतपत्रे १८४८ पासून 'प्रभाकर' पत्रात निघाली ती 'लोकहितवादी' या टोपणनावाने. आपल्या सभेत सुना किती बोलतात, हे आपण सर्व पाहतो. सासरे समोरच्या रांगेत बसले असता हुंड्याविषयी किंवा विधवेच्या पुनर्विवाहाविषयी कोणती सून नावानिशी बोलणार आहे? खरे नाव चिटणिसांच्या नोंदीत असावे, फलकावर टोपणनाव चालावे. शिवीगाळ झाली तर नोंद आहेच.

शेवटचा मुद्दा कित्येकांस रुचणार नाही. ही चावडी केवळ आपल्या ज्ञातीपुरती असू नये, असे माझे मत आहे. बर्कलीच्या त्या दुकानात जिना चढणाऱ्यास कोणी कूळ विचारले नाही, म्हणूनच विचारणाऱ्यास शिकविणारा भेटला. आपल्या मुलांस लागणारी माहिती, म्हणजे कोणत्या महाविद्यालयात जागा आहे, कोणता डॉक्टर प्रामाणिक आहे, तालुक्यात पाणी केव्हा येणार, ही काही एका ज्ञातीच्या घरात साठलेली नाही. संस्थेचे हिशेब व निवडणुका यांसाठी सभासदांचे स्वतंत्र दालन राहू द्या. बाकीचे वाचणे सर्वांस खुले, आणि लिहिणे तालुक्यातील नोंद केलेल्या कोणाही नागरिकास खुले असावे. भाडे आपण भरू. पूर्वजांनी धर्मशाळा व पाणपोई बांधल्या तेव्हा तहानलेल्यास जात विचारली होती काय? काही ठिकाणी विचारली होती, हेही खरे आहे, आणि ते आपल्या इतिहासातले भूषण नव्हे.

दोन माणसे हवी आहेत. एकास यंत्राचे ज्ञान असावे. दुसऱ्यास रोज सकाळी अर्धा तास बसून लोकांची पत्रे वाचण्याची सवय असावी, आणि ही दुसरी व्यक्ती भगिनीवर्गातील असल्यास फार बरे. सामान्य सभेने मंजुरी दिल्यास पहिले सहा महिने शिष्यवृत्त्या, वसतिगृहे व नोकरीच्या परीक्षा एवढेच विषय ठेवावेत असे मी सुचवितो. ज्यांची तयारी असेल त्यांनी आपली नावे आज भोजनापूर्वी चिटणिसांकडे द्यावीत. पत्रे वाचण्याच्या कामी तिसऱ्या माणसाची गरज पडल्यास माझे नाव त्यांच्याकडे दिलेलेच आहे.