शाळेचा वाफा आणि जमिनीचे देणे



शाळेच्या परसबागेत पहिल्या वर्षी भाजी जोमाने येते. पुढे हळूहळू पाने फिकी पडतात व माध्यान्ह भोजनात पडणारी भाजीची भर आटते. अशा वेळी आपण बियाण्यास वा पाण्यास दोष देतो. पुष्कळदा खरे कारण निराळेच असते. जमिनीकडून आपण घेत राहिलो, तिचे देणे मात्र फेडले नाही.

ते फेडण्याचा पहिला मार्ग कंपोस्टचा. इंदूर येथे अल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनी काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती व राख यांपासून खत करण्याची रीत बसविली व १९३१ साली ती ग्रंथरूपाने मांडली. ढीग मुठीत दाबल्यास हात ओला व्हावा, पाणी गळू नये, इतपतच ओल ठेवावी आणि तो अधूनमधून खालीवर करावा. कच्चा काडीकचरा मात्र मातीत मिसळू नये. तो कुजविणारे जिवाणू जमिनीतील नत्र स्वतःच वापरतात आणि पीक पिवळे पडते.

दुसरा मार्ग द्विदल पिकांचा. ही पिके मुळांवरील गाठींतील जिवाणूंच्या साह्याने हवेतील नत्र मिळवितात, हे जर्मन शास्त्रज्ञ हेलरीगेल यांनी १८८६ साली दाखविले. फुलावर आलेले चवळीचे एक रोप मुलांकडून अलगद खणून काढवावे. गाठ नखाने चिरल्यावर आत गुलाबी दिसली, तर तिचे काम चालू आहे असे समजावे. ही गाठ सहज सुटते. सूत्रकृमीमुळे मूळच फुगले असेल, तर ती फूग सुटत नाही.

शेंगा खुडून झाल्यावर वेल उपटू नये. जमिनीलगत कापून मुळे आतच राहू द्यावीत व पाला कंपोस्टात घालावा. मेथीही द्विदलच, परंतु ती आपण मुळासकट उपटतो, म्हणून तिच्यापासून जमिनीस फारसे काही उरत नाही. शेंगांबरोबरही बराच नत्र बाहेर जातो, हे ध्यानी घेऊन मोकळ्या वाफ्यात ताग पेरावा, कळ्या धरताच तो गाडावा व कुजल्यावरच पुढील पीक घ्यावे.

यंदा सारख्या मापाचे दोन वाफे आखा. एकात चवळीनंतर कंपोस्ट घालून पालक लावा. दुसऱ्यात नुसताच पालक लावा. दर खुडणीचे वजन मुलांनी वहीत मांडावे. जमिनीचा हा हिशेब ज्यांनी शाळेत स्वतः लिहिला, ती मुले उद्या घरच्या शेतातही तो विसरणार नाहीत.