वेशीवरची तपासणी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आरोग्यावर चार शब्द बोला, असे चिटणीसबाईंनी मला सांगितले, तेव्हा मी म्हटले, मी सातवी शिकलेली, मी काय सांगणार? त्यावर त्या म्हणाल्या, "तुम्ही चौदा दिवस शाळेत राहून आलात ना, तेच सांगा." तेव्हा तेच सांगते. परंतु त्याच्या आधीचे व दूरदेशीचेही थोडे सांगणार आहे. माझी मुलगी नर्सिंगचे शिक्षण घेते आहे. रात्री भांडी आवरून झाली की तिच्याकडून मी हे वाचून घेतले. विषय असा की, जीवघेण्या साथीच्या दिवसांत प्रवाशांना वाटेत अडवून तपासतात, त्याने साथ थांबते काय?

पहिल्याने आपल्याच मुलखातले. १८९६ सालच्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. लोक घाबरून मिळेल त्या गाडीने मुंबई सोडू लागले. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा झाला व रेल्वेने जाणाऱ्या माणसांना तपासण्याचा अधिकार सरकारला मिळाला. स्टेशनावर उतारूंना खाली उतरवीत, अंगात ताप आहे काय आणि काखेत, जांघेत गाठ आली आहे काय, हे पाहत. आता तुम्हीच विचार करा. ज्या बायका परपुरुषासमोर डोक्यावरचा पदर ढळू देत नव्हत्या, त्यांना अनोळखी पुरुष डॉक्टरांनी हात लावून असे पाहावयाचे! केवढा संताप झाला असेल. पुढे पुण्यात घरोघर झडत्या सुरू झाल्या, तेव्हा तर लोक आजारी माणूस लपवून ठेवू लागले.

आणि एवढे करून हाती काय लागले? १८९८ साली पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी कराचीत प्रयोग करून दाखविले की, गाठीचा प्लेग उंदरांच्या अंगावरील पिसवांतून माणसाला होतो. म्हणजे गाठ नसलेला उतारू सुटत असे, आणि त्याच्या गाठोड्यात पिसू असली तर तीही त्याच्याबरोबर बिनतिकिटाची गावाला जात असे. शिवाय ज्याच्या अंगात रोग शिरला आहे पण अजून वर आलेला नाही, तोही सुटे. सरकारची भीती मला समजते. रोज माणसे मरत होती. पण ज्या तपासणीला लोक रोगाहून अधिक भितात, ती तपासणी रोगाला आडोसाच देते, असे माझे मत आहे.

आता आपल्या डोळ्यांदेखतचे. २०२० च्या मे महिन्यात कोरोनामुळे ह्यांचे काम बंद झाले, तेव्हा आम्ही पास काढून गाडी ठरवून सिंधुदुर्गातल्या आमच्या गावी निघालो. खारेपाटणच्या नाक्यावर गाड्यांची ही लांब रांग! उन्हात तीन तास गेले. आमची पाळी आली तेव्हा त्या पिस्तुलासारख्या यंत्राने माझ्या मुलाचे कपाळ तापलेले दाखविले. माझ्या तर पायांतले बळच गेले. पण तिथली आरोग्यसेविका शहाणी होती. तिने मुलाला सावलीत बसविले, पाणी पाजले आणि अर्ध्या तासाने पुन्हा पाहिले, तर ताप नाही. उन्हाने कातडी तापली होती एवढेच. ते यंत्र वरच्या कातडीची ऊब मोजते, आतल्या रोगाची त्याला काय कल्पना! आमच्या मागच्या गाडीतल्या एका गृहस्थांनी तर नाका येण्याआधी तापाची गोळी घेतली होती, हे त्यांनी मागाहून स्वतःच सांगितले.

गावच्या शाळेत आम्हा सोळा माणसांना चौदा दिवस ठेवले. त्यांत एक तरुण मुलगा होता. नाक्यावर त्याला ताप नव्हता, गोळी नाही की काही नाही, ठणठणीत. सहाव्या दिवशी त्याला ताप भरला व तपासणीत कोरोना निघाला. हा रोग अंगात शिरल्यावर साधारण पाचसहा दिवसांनी, कधी चौदा दिवसांपर्यंतही, बाहेर दिसतो. आणि दिसण्याच्या एकदोन दिवस आधीपासूनच दुसऱ्याला लागू शकतो. म्हणजे गाव वाचविला तो नाक्यावरच्या यंत्राने नव्हे, शाळेतल्या चौदा दिवसांनी. (असे दिवस मोजण्याची रीत जुनीच आहे. रागुसा नावाच्या बंदरात १३७७ साली बाहेरून येणाऱ्यांना तीस दिवस वेगळे ठेवीत. पुढे त्याचे चाळीस झाले, आणि इटालियन भाषेतल्या चाळीसवरूनच क्वारंटाइन हा शब्द आला.)

परंतु ते चौदा दिवस आम्ही काढले कशावर? सासूबाई रोज फाटकाशी डबा ठेवून हाक मारीत, "जेवाण हय ठेवलंय गो, घेवन जा." त्या हाकेवर. ज्यांचे गावात कोणी नव्हते, त्यांना वाडीतली माणसे पाळीपाळीने जेवण देत. "मुंबईवाले रोग घेऊन आले" असे बोलणारेही होते, नाही असे नाही. जेथे असेच बोलणारे अधिक होते, तेथे माणसे रात्री आडवाटेने गावात शिरली. त्यांना कोण मोजणार आणि कोण शोधणार?

मग तपासणी नकोच काय? असे मी म्हणत नाही. २०१४ साली पश्चिम आफ्रिकेत गिनी, लायबेरिया व सिएरा लिओन या देशांत इबोलाची भयंकर साथ होती. त्या साथीत अकरा हजारांवर माणसे गेली. विमानात चढण्याआधी सर्वांना तपासू लागले. पहिल्या दोन महिन्यांत ३६,००० प्रवासी तपासले, ७७ जणांना अडविले. त्यांत इबोला एकालाही नव्हता, पुष्कळांना हिवताप होता! हा रोग अंगात दोन ते एकवीस दिवस दडून राहतो. लायबेरियाहून एक गृहस्थ सप्टेंबरात अमेरिकेत डॅलस शहरी गेले, त्यांना निघताना ताप नव्हता. चारपाच दिवसांनी आजारी पडून ते इस्पितळात गेले. आपण आफ्रिकेतून आलो हे त्यांनी तेथे सांगितले होते, तरी त्यांना औषध देऊन घरी पाठविले. ८ ऑक्टोबरला ते वारले, आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्या दोन परिचारिकांना तो रोग लागला. त्या बऱ्या झाल्या हे नशीब. माझी मुलगी हे वाचता वाचता थांबली, मीही काही बोलले नाही.

दुसरी हकीकत नायजेरियाची. जुलैमध्ये असाच एक प्रवासी लागोस विमानतळावर उतरताच कोसळला. आपण इबोलाच्या रोग्याजवळ गेलो नव्हतो, असे तो सांगत राहिला. त्याला सोडा म्हणून वरून दडपण आले. पण डॉ. अमेयो स्टेला अदादेवो या बाईंनी त्याला इस्पितळाबाहेर जाऊ दिले नाही. तोच रोग लागून १९ ऑगस्टला त्या स्वतः वारल्या. त्या देशाने रोग्यांच्या संपर्कात आलेली सुमारे नऊशे माणसे शोधली, आणि एकवीस एकवीस दिवस त्यांच्या घरी जाऊन ताप पाहिला. अशा घरभेटी साडेअठरा हजारांच्या आसपास झाल्या. एवढ्या अफाट वस्तीच्या शहरात रोग शिरूनही साऱ्या देशात २० जणांना झाला, ८ गेले, आणि २० ऑक्टोबरला देश मोकळा झाला. घरोघर जाऊन "आज कसे वाटते?" हे विचारणे म्हणजे काय, हे आपल्याला आशाताईंकडे पाहून ठाऊक आहेच.

माणूस खोटे का बोलतो, याचा मी पुष्कळ विचार केला. त्या गोळी घेणाऱ्या गृहस्थांना मी विचारलेही. ते म्हणाले, "वहिनी, गाडीचे पैसे उसने काढून दिले होते. परत फिरविले असते तर तेही बुडाले असते."

म्हणून आपल्या जानेवारीच्या सहलीपुरता मी एक ठराव मांडते. निघण्याच्या दिवशी ज्या भगिनीला ताप, खोकला असेल आणि ती आपण होऊन तसे सांगेल, तिचे सहलीचे पूर्ण पैसे मंडळाने परत द्यावेत. खजिनदारबाई माझ्याकडे पाहत आहेत, मला दिसते आहे. बसवाल्याचे भाडे सुटत नाही, हे मलाही कळते. तरी तेवढा खर्च शिलकीतून काढता येईल असे मला वाटते. कोणी अनुमोदन देत असल्यास हात वर करावा.