दिवाण देवडी

हैदराबादचे सालारजंग संग्रहालय प्रथम मांडले गेले ते दिवाण देवडीत, म्हणजे निजामाच्या दिवाणांच्या राहत्या वाड्यात. पुण्यात १८८९ साली जन्मलेले तिसरे सालारजंग, नवाब मीर युसूफ अली खान, १९४९ साली निवर्तले. ते अविवाहित होते. मागे थेट वारस नव्हता. १९५१च्या डिसेंबरात पंडित नेहरूंच्या हस्ते देवडी सर्वांना खुली झाली. बेंझोनीने घडविलेली अवगुंठित रिबेकेची संगमरवरी मूर्ती याच संग्रहातली. पहिल्या सालारजंगांनी ती १८७६ साली रोममध्ये घेतली होती. १९६८ साली संग्रह मुसी नदीकाठच्या नव्या इमारतीत गेला. मागाहून देवडी पाडली गेली. वस्तूंच्या याद्या आम्हा सरकारी माणसांना चोख करता येतात. ज्या घराने त्या वस्तू जमविल्या, ते मात्र कोणत्याच यादीत बसले नाही. तेथे आता कापडाचा घाऊक बाजार आहे. ‘दिवाण देवडी’ हे त्या पेठेचे नाव झाले आहे.