सही केली, पण घरी सांगितलं का?



अवयवदान चांगलं की वाईट, असं विचारलं तर इथले सगळे हात ‘चांगलं’ म्हणून वर जातील. अर्ज कुणी भरला, असं विचारलं की बरेच हात खाली येतील. मी कुणाला नावं ठेवत नाही. माझाही अर्ज दोन वर्षं कपाटात पडून होता.

धर्माचं कारण पुढे करणं सोपं होतं. पण १९८८ साली जेद्दा इथं आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीनं काही अटींवर अवयवरोपणाला मान्यता दिली आहे, हे मला ठाऊक होतं. माझी खरी भीती वेगळीच होती. सही केली म्हणजे मरणाला आवतण दिलं, आणि डॉक्टर आपल्याला वाचवायचे प्रयत्न सोडून देतील! वास्तविक आपल्या कायद्यानुसार मेंदूमृत्यू चार डॉक्टरांचं मंडळ ठरवतं. तपासणी किमान सहा तासांच्या अंतरानं दोनदा होते आणि रोपण करणारे डॉक्टर त्यात नसतात.

२००३ साली जॉन्सन आणि गोल्डस्टीन या अभ्यासकांनी युरोपातले आकडे मांडले. जर्मनीत दानाला संमती १२ टक्के, शेजारच्या ऑस्ट्रियात ९९ टक्क्यांहून जास्त! ऑस्ट्रियातली माणसं जास्त कनवाळू आहेत असं नाही. तिथं नकार कळवावा लागतो, जर्मनीत होकार. माणूस बहुधा आहे तिथंच राहतो.

मग कायदा बदलला की झालं? स्पेननं १९७९ साली संमती गृहीत धरणारा कायदा केला, तरी तिथं आजही नातेवाइकांना विचारतात. दान वाढलं ते १९८९ नंतर, रुग्णालयांत प्रशिक्षित समन्वयक नेमल्यावर.

आपल्याकडेही कार्ड असलं तरी प्रत्यक्षात शब्द घरच्यांचाच चालतो. तो प्रश्न त्यांना अतिदक्षता विभागाच्या दारात, सगळ्यांत वाईट घटकेला विचारला जातो. तुमची इच्छा ठाऊक नसेल, तर ते ‘नको’ म्हणतील. त्यांचं काय चुकलं?

म्हणून मी अम्मीला सांगितलं. ती म्हणाली, “माझ्यासमोर असलं बोलू नकोस.” चार दिवसांनी तिनंच विचारलं, “दफन नीट करता येतं ना रे?” म्हटलं, “येतं. शरीर शिवून परत देतात.” अजून तिनं होकार दिलेला नाही. पण घरात विषय निघाला आहे.

अर्ज उद्या भरा. आज रात्री जेवताना घरी बोला.