बोलणी करावीत, पण सर्वांच्या वतीनं



मुक्त सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी बड्या कंपन्यांशी बोलावं, की त्यांच्या वाऱ्यालाही उभं राहू नये? तत्त्वांचा काथ्याकूट बाजूला ठेवून आपण तीन व्यवहार पाहू.

पहिला २००२ सालचा. लिनक्समधल्या बदलांचा हिशेब ठेवायला लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी ‘बिटकीपर’ नावाचं सॉफ्टवेअर घेतलं. ते फुकट होतं, पण कोड बंद. शिवाय फुकट वापरणाऱ्यानं त्याला स्पर्धा करणारं काही बनवायचं नाही, ही अट. २००५ मध्ये प्रोग्रॅमर अँड्र्यू ट्रिजेल यांनी बिटकीपरशी बोलणारा प्रोग्रॅम लिहायला घेतला, आणि बिटकीपरच्या कंपनीनं फुकट सोय बंद केली. टोरवाल्ड्स यांना त्याच्या जागी ‘गिट’ लिहावं लागलं. गिट उत्तम निघालं, म्हणून तो व्यवहार शहाणपणाचा ठरत नाही. ती मेहेरबानी होती, आणि मेहेरबानी कधीही काढून घेता येते.

दुसरा नोव्हेंबर २००६ चा. लिनक्स विकणाऱ्या नोव्हेल कंपनीच्या ग्राहकांवर पेटंटचे दावे लावणार नाही, असं वचन मायक्रोसॉफ्टनं दिलं. लिनक्सचा कोड हजारो जणांनी लिहिलेला आणि अभय मात्र एकाच दुकानाच्या गिऱ्हाइकांना! नोव्हेलमध्येच नोकरीला असलेल्या जेरेमी अ‍ॅलिसन यांनी राजीनामा दिला. जून २००७ मध्ये आलेल्या, मुक्त सॉफ्टवेअरच्या जीपीएल परवान्याच्या तिसऱ्या आवृत्तीत असे करार रोखणारं कलमच आलं.

तिसरा व्यवहार ‘सांबा’चा, ट्रिजेल आणि अ‍ॅलिसन दोघेही त्यातलेच. विंडोजच्या संगणकांशी इतरांना फायली आणि प्रिंटर वाटून घेता यावेत, हे सांबाचं काम. त्यासाठी लागणारे विंडोजचे संवादाचे संकेत पुरते जाहीर नव्हते. नेटवर्कवरून काय जातं ते न्याहाळून ते ओळखावे लागत. २००४ मध्ये युरोपीय आयोगानं मायक्रोसॉफ्टला ४९.७ कोटी युरोंचा दंड केला आणि ही माहिती देण्याचा आदेश काढला. मूळ तक्रारदार ‘सन’ कंपनी आणि पाठोपाठ नोव्हेल, दोघांनीही मायक्रोसॉफ्टशी तडजोड केली. सांबाची माणसं मात्र आयोगाच्या बाजूनं न्यायालयात टिकून राहिली. सप्टेंबर २००७ मध्ये निकाल आयोगाच्या बाजूनं लागला. डिसेंबरात एका प्रतिष्ठानामार्फत, एकरकमी १०,००० युरो भरून, सांबाच्या माणसांसाठी मायक्रोसॉफ्टशी करार झाला. अटी अशा: संकेतांची कागदपत्रं गोपनीय राहतील; पण ती वाचून लिहिलेला कोड खुला असेल, आणि मुक्त सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या इतरांनाही प्रतिष्ठानामार्फत ती मिळतील. २०१२ च्या ‘सांबा ४’नं अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीचं, म्हणजे विंडोजच्या नेटवर्कवरची खाती आणि संगणक सांभाळण्याचं, काम पेललं, ते मायक्रोसॉफ्टचीच कागदपत्रं हाताशी धरून.

कोणी म्हणेल, न्यायालयाचा बडगा नसता तर कंपनी वाकली असती का? मला नाही वाटत. म्हणूनच बोलणी करायला जाताना चालता कोड हवा, पाठीशी कायदा हवा आणि उठून जायची तयारी हवी. अबोला धरून सांबाला ते कागद मिळाले नसते, आणि नुसत्या सलोख्यानंही मिळाले नसते.

तेव्हा जरूर बोला. मात्र सही करण्याआधी एवढं विचारा: या बैठकीला जो आलेला नाही, त्यालाही हेच मिळणार आहे का? नसेल, तर तो करार कंपनीचा आणि तुमचा झाला. समूहाचं नाव त्यावर घालू नका.